विम्याच्या कागदाचं तिसरं पान

मी विम्याचा कागद बोलतोय. दचकू नका, हप्ता मागायला आलेलो नाही. हेमराजच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये समोर डाव्या बाजूला जो कप्पा आहे ना, त्यात माझं बिऱ्हाड. शेजारी पीयूसीची चिठ्ठी, एक पेचकस, बंद पडलेला टॉर्च, अगरबत्तीचा पुडा आणि हेमराजच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी. या खर्र्यानं माझा एक कोपरा कायमचा तांबडा करून टाकला आहे. मी कुणाला काही बोललो नाही, पण मनाला लागलं ते लागलंच.

माझा जन्म मूल या तालुक्याच्या गावचा. तिथं बाजाराच्या रस्त्यावर मिथुनचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका आणि गाड्यांचे विमे असं सगळं त्याच्या एकाच टेबलावर चालतं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात त्याचा प्रिंटर दोनदा खोकला आणि मी बाहेर आलो. चार पानांचा, अंगानं गरम, पहिल्या पानावर हेमराजचं नाव, गाडीचा नंबर आणि निळा शिक्का. काय रुबाब होता म्हणून सांगू. आयुष्य मात्र मोजून एक वर्षाचं. सुरू कधी आणि संपणार कधी, दोन्ही तारखा कपाळावरच छापलेल्या, त्यामुळे आमच्या जातीला ज्योतिषी लागत नाही.

पण माझा खरा जीव आहे तिसऱ्या पानात. तिथली अक्षरं इतकी बारीक की मुंगीनंच वाचावीत, आणि वर इंग्रजी. त्यात एक अट आहे. गाडी चालवणाऱ्याकडे त्या वेळी चालू परवाना पाहिजे. परवाना निलंबित असला आणि तरी त्यानं गाडी चालवली, तर गाडीच्या नुकसानीला मी जबाबदार नाही. स्वभावानं मी मऊ आहे हो, घडी घालाल तसा बसतो. पण या एका बाबतीत माझं काही चालत नाही.

मिथुननं मला प्लास्टिकच्या पाकिटात घालून हेमराजच्या हाती दिलं. "झालं काका. आता वर्षभर बिनधास्त."

हेमराजनं मला आधी कपाळाला लावलं. मग गाडीच्या समोर नवं लिंबू-मिरची बांधलं आणि मला आत ठेवलं. त्याच्या लेखी दोघांचं काम एकच. कप्प्याचं झाकण लावताना त्यानं मला प्रेमानं थोपटलं, वाचलं मात्र नाही.

हेमराज पन्नाशीचा. गावच्या तलावावर जाळं टाकतो, थोडी धानाची शेती करतो. बायको वच्छला त्याच्याबरोबर डोंग्यात बसून मासे काढते. एकुलती एक लेक पुनम, दोन वर्षांपूर्वी नागभीडला दिली. ती भाड्याच्या गाडीतून सासरी गेली, ते हेमराजला फार झोंबलं. निरोप देताना तो तिला म्हणाला होता, "पयल्या बाळंतपणाले तुले आणाले येईन, तं माह्याच गाडीत येईन." ही व्हॅन त्यानं घेतली ती त्या शब्दाखातर. घेतल्यापासून तिला तो रोज पुसतो. स्वतःचा चेहरा एवढा पुसताना मी त्याला पाहिलेला नाही.

आता आमच्या गावाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं. गावात फोन घरोघरी आहेत, पण रेंज नाही. रेंज येते ती एकाच जागी, तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर, मोठ्या मोहाच्या झाडाजवळच्या वळणावर. त्या वळणावर आलं की प्रत्येकाच्या खिशातला फोन जागा होतो आणि दिवसभराचे निरोप टिंगटिंग वाजू लागतात. मग माणूस पायी असो, सायकलवर असो की गाडीत, हात खिशात जातोच. तिथं गाडी हळू करायची, एका हातानं स्टेअरिंग धरायचं आणि दुसऱ्यानं फोन कानाला लावायचा, ही आमच्याकडची रीत. यात काही चूक आहे असं गावात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हेमराज असाच कानाला फोन लावून वळणावर आला आणि मोहाच्या झाडाखाली परिवहन खात्याची गाडी उभी दिसली. साहेबांनी हात केला. हेमराजनं फोन मांडीखाली लपवला, पण पलीकडून पुनम "बाबा, बाबा" करत होती ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"परवाना दाखवा," साहेब म्हणाले.

"साहेब, पोरगी बोलून राह्यली होती. इथीच तं रेंज येते."

"आमच्या दंडाच्या मशीनलाही इथंच येते," साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणून तर इथं उभे आहोत."

पुढं कागद हलले, जिल्ह्याच्या ऑफिसात हजेरी झाली आणि हेमराजचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. मार्चच्या मध्यापर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आणि पुनमला सातव्या महिन्यात माहेरी आणायचा दिवस दोन्ही घरांनी मिळून ठरवला होता, सात फेब्रुवारी. घोळ लक्षात आला ना तुमच्या?

हेमराज दोन दिवस व्हॅनच्या पायरीवर बसून राहिला. मग शेजारचा सुकलू आला. सुकलू म्हणजे हेमराजचा चुलत भाऊ, सल्ला द्यायला कधी मागं न हटणारा.

"भाऊ, परवाना बंद झाला, गाडी थोडीच बंद झाली?" सुकलू म्हणाला. "विमा चालू हाये ना? मंग काऊन भेता? त्या दिवशी पांदनीनं निंगून जा. पारीवर जाचंच नाई."

हेमराजचा चेहरा खुलला. "हे तं माह्या ध्यानातच नाई आलं. विमा तं हाये."

मी कप्प्यात नुसता तडफडत होतो. अरे बाबांनो, माझ्या भरवशावर काय ठरवताय? वाटेत काही झालं तर हीच व्हॅन भंगारात जाईल आणि मी बघत बसेन. कुणाला लागलं तर त्याची भरपाई फिरून हेमराजच्या दाराशी येईल, शेती आणि घर दोन्ही जाईल. आणि मागच्या सीटवर कोण असणार, तर सातवा महिना लागलेली पुनम. मी जीव तोडून ओरडलो. पण कागदाचा आवाज तो कितीसा? पन्नी सळसळली एवढंच त्यांना वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी वच्छला टॉर्च शोधायला गाडीत आली. टॉर्च बंद निघाला, पण तिच्या हाती मी लागलो. बाई सातवीपर्यंत शिकलेली. बचत गटाच्या बैठकीत कागद वाचून झाल्याशिवाय अंगठा काय, सही काय, काहीच देत नाही अशी तिची ख्याती. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं, पिशवीत घातलं आणि बाजाराच्या दिवशी मूलला गेल्यावर सरळ मिथुनच्या टेबलावर ठेवलं.

"हे वाचून दाखव."

"काकू, त्याच्यात काय वाचाचं? हे सगळ्यांचं सारखंच असते."

"मंग तं तुले पाठच असन," वच्छला म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

मिथुनचा इलाज खुंटला. त्यानं पहिलं पान झरझर वाचलं, दुसरं थोडं अडखळत. तिसऱ्या पानावर तो थांबला. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मला छापणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदा वाचत होता. त्यानं ती ओळ दोनदा वाचली, कंपनीत फोन लावून विचारून घेतलं आणि मग खाली बघत म्हणाला, "काकू, काकांनी या तीन महिन्यांत गाडी चालवली, तं हा कागद असून नसल्यासारखा."

"हे तू आदी काऊन नाई सांगतलं?"

"मलेच कुठी माहीत होतं?"

खरं सांगतो, मला त्या वेळी रडू आलं. जन्मल्यापासून चार महिने मी खर्र्याच्या पन्नीशेजारी पडून होतो आणि आज माझं तिसरं पान कुणीतरी मोठ्यानं वाचलं होतं.

घरी येऊन वच्छलानं हात पुढं केला. "चाबी द्या."

"काऊन?"

तिनं मिथुनचं बोलणं सांगितलं. हेमराज ऐकून घेत होता, पण मान हलत होती ती नाही म्हणून. "पोरीले शब्द देला हाये मी. भाड्याची गाडी नाई नेत."

"शब्द गाडीचा हाये ना? गाडी जाईन. मी चालवीन."

हेमराज हसला. सुकलू तर भिंतीला टेकून हसला. वच्छला हसली नाही. तिनं चाबी पदराच्या टोकाला बांधली आणि चुलीकडं गेली.

आठवड्याच्या आत तिनं शिकाऊ परवाना काढला. व्हॅनला पुढंमागं लाल अक्षरांत 'एल' लागला. पण शिकणाऱ्याच्या शेजारी चालू परवान्याचा माणूस बसायला पाहिजे, हा नियम. हेमराजचा परवाना तर निलंबित. आख्ख्या गल्लीत दुसरा परवाना होता तो एकाच माणसाकडं, आणि तो माणूस म्हणजे सुकलू. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा नोकरीसाठी त्यानं तो काढला होता. त्यानंतर एकदाच गाडी चालवली, ती शाळेच्या कुंपणात घातली आणि तेव्हापासून स्टेअरिंगचा विषय निघाला तरी तो पाणी प्यायला उठतो.

तर आमच्या गाडीत अशी बैठक जमली. स्टेअरिंगवर वच्छला, जिला येत नाही. शेजारी सुकलू, ज्याला परवाना आहे पण भीती वाटते. आणि मागच्या सीटवर मधोमध हेमराज, ज्याला सगळं येतं पण हात लावायची मुभा नाही. तिघं मिळून एक ड्रायव्हर होत होता.

धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात, आमच्याकडं त्याला बांधी म्हणतात, सराव चाले. हेमराज मागून मान पुढं काढून ओरडे, "किलच दाब. अवो, किलच." सुकलू डोळे मिटून हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून बसे. गाडी उड्या मारत थांबली की मी कप्प्यात पेचकसावर आपटे. आजूबाजूच्या बाया बांधावर उभ्या राहून बघत. एकीनं तर सांगून टाकलं, "वच्छलाबाई, बांधी नांगरून झाली तं आमच्या बांधीतई ये."

पुढं जाणं तिला पंधरा दिवसांत जमलं. मागं घेणं काही जमेना. डावीकडं न्यायची तर गाडी उजवीकडं जाई. हेमराज समजावून थकला. शेवटी एका दुपारी तो वैतागून म्हणाला, "अवो, जाळं टाकताना डोंगा मागं घेते तसा घे. बुड कुठी न्याचं ते पाय, तोंड आपोआप येते."

वच्छलानं एकदा मागं वळून पाहिलं आणि व्हॅन सुतासारखी सरळ मागं नेली. मग पुन्हा नेली. सुकलूनं डोळे उघडले. हेमराज म्हणाला, "मलेई इतकी सरळ नाई जमत."

पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. हेमराजच्या खिशात दुसरी चाबी होती. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या होत्या, त्यातली एक वच्छलाच्या पदराला, दुसरी याच्याकडं. एका संध्याकाळी गाडीत बसून त्यानं सुकलूला सांगितलं, "तीन तारखेले मूलले परीक्षेचं शिबिर हाये. पास झाली तं ठीक. नाई झाली तं सात तारखेले मीच जातो. काई झालं तरी जातो." हे ऐकून माझी चारही पानं थंड पडली. आता सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं होतं. ती पास झाली तर मी खरा विमा, नापास झाली तर नुसता छापील कागद.

तीन फेब्रुवारीला मैदानावर रांग लागली होती. सगळी विशीतली पोरं, त्यात लुगड्यातली वच्छला एकटी. तिचा नंबर आला. पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली. मागं उभ्या पोरांत खसखस झाली. हेमराजचा हात खिशातल्या चाबीवर गेला, मी कप्प्याच्या फटीतून पाहिलं. वच्छलानं कपाळ पुसलं, गाडी पुन्हा चालू केली आणि पुढची फेरी नीट पुरी केली. मग आलं ते मागं घेणं. दोन्ही बाजूंना काठ्या रोवलेल्या. तिनं मान वळवली आणि एकाही काठीला न शिवता व्हॅन मागं नेऊन उभी केली.

परीक्षा घेणारे साहेब खिडकीशी आले. "बाई, मागं फार छान घेता. कुठं शिकलात?"

"तलावात," वच्छला म्हणाली.

साहेबांनी शेजारी बसलेल्या सुकलूकडं पाहिलं. सुकलूनं आभाळाकडं पाहिलं. पण शेरा मिळाला तो पास.

सात तारखेला सकाळी 'एल' काढून टाकला, सीटवर नवी चादर घातली आणि नवराबायको नागभीडला निघाले. या खेपेला हेमराज पुढं, माझ्या समोर बसला होता. पारीवरचं वळण आलं आणि रेंजसरशी वच्छलाच्या मांडीवरचा फोन वाजला. पुनमच असणार. गावाची जुनी सवय, बाईचा हात आपसूक फोनकडं गेला.

हेमराजनं तिचं मनगट धरलं. "गाडी बाजूले घे. मंग उचल."

तिनं मोहाच्या झाडाखाली गाडी घेतली, आणि बघते तर समोर तेच दंडवाले साहेब, तेच मशीन. त्यांनी सगळं पाहिलं होतं. तरी कागद मागितलेच. कप्पा उघडला, मी बाहेर आलो. साहेबांनी माझी तारीख पाहिली, मग तांबडा कोपरा पाहिला. हेमराज तलावाकडं बघू लागला.

"परवाना चार दिवसांचा आहे," वच्छलानं फोनवर दाखवलेली प्रत पाहून साहेब म्हणाले.

"हो जी. पन चालू हाये ना?"

"चालू आहे," साहेब म्हणाले आणि मला परत देताना हसले. "सांभाळून जा."

नागभीडला पुनम दारात उभी होती. आई गाडीतून उजव्या बाजूनं उतरली तशी ती बघतच राहिली. "बाबा, तुमी आणाले येणार होते ना?"

"आलो ना," हेमराज म्हणाला. "शब्द गाडीचा होता."

परतीच्या वाटेवर जंगलाच्या पट्ट्यात एक रानडुक्कर धाडकन रस्त्यात आलं. वच्छलानं ब्रेक दाबला. व्हॅन सरकत बाजूला गेली आणि मैलाच्या दगडाला टेकली. समोरचा एक दिवा फुटला, बंपर आत गेला. कुणाला खरचटलंही नाही. डुक्कर आमच्याकडं एकदा बघून निघून गेलं. पुनम मागून आईला म्हणाली, "बाई, बाळानं पाय मारला. म्हंजे बरं हाये त्याचं." तेव्हा कुठं वच्छला रडली आणि रडता रडता हसली.

हेमराज खाली उतरून फुटलेला दिवा बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून ती दुसरी चाबी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "हे पन तूच ठेव," तो म्हणाला. "मी चालवत असतो तं आज काय झालं असतं, देव जाने."

आता माझं काम आलं. चार दिवसांनी कंपनीचा पाहणी करणारा माणूस गावात आला. तो येण्याआधी सुकलू धावत आला होता. "माहं नाव सांगा भाऊ. माहा परवाना आठ वर्सांचा हाये. वयनीचा त्या दिवशी चार दिवसांचा, कोन मानन?"

पाहणीवाल्यानं फोटो काढले, माझी पानं चाळली आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

सुकलू डोळ्यांनी खुणा करत होता. वच्छला तोंड उघडणार, तेवढ्यात हेमराज म्हणाला, "माही बायको. चांगली चालवते. डुक्कर नसतं आलं तं हे पन नसतं झालं."

पाहणीवाल्यानं तिचा परवाना पाहिला, तारीख पाहिली आणि माझ्या तिसऱ्या पानावर बोट ठेवून मान हलवली. सगळं जागच्या जागी होतं. महिन्याभरात कंपनीच्या पैशानं नवा दिवा बसला. तो जुन्यापेक्षा जास्त चमकतो, त्यामुळे आमची व्हॅन समोरून पाहिली की डोळा मारल्यासारखी दिसते. पण मी कामाला आलो. आमच्यातले कितीतरी कागद आयुष्यभर वाट पाहून तसेच संपतात, आणि कितीतरी नेमक्या वेळी खोटे ठरतात. मी खरा ठरलो, याचा मला फार आनंद आहे.

मार्चमध्ये हेमराजचा परवाना मोकळा झाला. वच्छलानं एक चाबी त्याला परत दिली. पण पुनम गाडीत असली की तो गुपचूप डावीकडच्या दारानं बसतो. एप्रिलमध्ये पुनमला मुलगी झाली. आजीनंच तिला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी पारीवर फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

आज माझा शेवटचा दिवस. मिथुननं नवा कागद दिला आहे. हल्ली तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तिसरं पान मराठीत समजावून सांगतो. लोक जांभया देतात, पण तो सोडत नाही. नवा कागद कप्प्यात ठेवण्याआधी हेमराजनं चष्मा लावून तिसऱ्या पानावर बराच वेळ बोट फिरवलं. इंग्रजी त्याला येत नाही, पण ती ओळ कुठं आहे ते त्याला ठाऊक झालंय.

मग त्यानं मला बायकोकडं दिलं. "हे रद्दीत दे."

"रद्दी तं तुमी करत होते याची," वच्छला म्हणाली. तिनं कात्रीनं माझा तो तांबडा कोपरा कापला आणि नातीच्या कपड्यांच्या ट्रंकेत मला तळाशी अंथरलं, तिसरं पान वर.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्याही गाडीच्या कप्प्यात माझा एखादा भाऊ पडलेला असेल. त्याला एकदा बाहेर काढा, तिसरं पान कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि स्टेअरिंगवर बसणाऱ्याचा परवाना चालू नसेल तर चाबी मागा. घरचा माणूस असला तरी मागा. तो दोन दिवस रुसेल, मग बोलेल.

ट्रंकेचं झाकण लागतंय. माझ्या अंगावर पहिलं झबलं ठेवलं गेलंय, त्याला दुधाचा वास येतो आहे. खर्र्यापेक्षा कितीतरी बरा.